नियमशास्त्र, मशीहा आणि एक पंगत

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 15:1–31; गलतीकरांस पत्र 2:11–16



गेल्या वर्षभरात खेड्यापाड्यांतील उपदेशकांकडून आम्हांस जी पत्रे आली त्यांत एक प्रश्न पुनःपुन्हा येत आहे. जो ख्रिस्ती झाला त्याने मोशेचे नियमशास्त्र पाळावे की नाही? कोणी शब्बाथाविषयी विचारतो, कोणी शुद्ध व अशुद्ध अन्नाविषयी. एकाने लिहिले की, त्याच्या मंडळीतील काही तरुणांनी शनिवारी नांगर धरावयाचे सोडले आहे, डुकराचे मांस वर्ज्य केले आहे, आणि सुंता करून घ्यावी की काय असेही त्यांचे आपसांत बोलणे चालले आहे. तर त्यांस शाबासकी द्यावी की दटावावे? दोन ओळींचे उत्तर लिहून पाठवावे असे प्रथम आमच्या मनात आले होते. ते लिहिले नाही हे बरे झाले, कारण पुढे त्या गावी जाण्याचा प्रसंग आला आणि प्रश्नाचे खरे रूप आम्हांस तेथे दिसले.

कापणीच्या सणाचा दिवस होता. उपासना यथास्थित झाली. ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, दोन कोंबड्या असे लोकांनी आणलेले दान व्यासपीठापुढे मांडले होते. त्याचा लिलावही आनंदाने झाला. मग भोजनाची वेळ आली, आणि आम्ही पाहिले की, देवळाच्या ओट्यावर एक पंगत बसली आहे व खाली कडुलिंबाच्या झाडाखाली दुसरी. ओट्यावर ते तरुण व त्यांच्या घरची माणसे. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाण्याची घागर निराळी. खाली बाकीची मंडळी. खालच्या पंगतीत एक वृद्ध विधवा होती. तिच्या घरी डुकरे पाळतात व त्यांवरच त्या घराचा चरितार्थ चालतो. ओट्यावरच्या घागरीस तिने हात लावू नये असे तिला कोणी बजावले होते. ती आम्हांस म्हणाली, “पाळकसाहेब, माझा आजा पाटलाच्या वाड्याभाईर धुळीत बसून जेवायचा. येशूच्या देवळात आलो तवा पंगत एक झाली. आता ही दुसरी कुणी मांडली?”

बंधूंनो, दुसरी पंगत म्हणजे काय हे आपल्या लोकांस कोणी समजावून सांगावयास नको. त्या बाईस उत्तर देणे आम्हांस त्या घटकेस साधले नाही. आज जे लिहीत आहो ते तिच्यासाठी आहे, आणि ओट्यावर बसलेल्या त्या तरुणांसाठीही आहे.

कारण ते तरुण वाईट नाहीत. त्यांच्यातील एकाशी आम्ही रात्री बराच वेळ बोललो. त्याने दारू सोडली आहे, तो जुना करार नित्य वाचतो. आणि लेवीय हे पुस्तक आमच्या मंडळ्यांत त्याच्याइतके कोणी वाचले असेल असे आम्हांस वाटत नाही. तो म्हणाला, “प्रभूने स्वतः नियमशास्त्र पाळले. मग त्याच्या शिष्यांनी ते टाकून का द्यावे?” हा प्रश्न उत्तम आहे. आमच्या व्यासपीठांवरून त्याचे उत्तर क्वचितच दिले जाते. आम्ही परूशांची थट्टा करतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. म्हणून प्रथम त्याचे जे खरे आहे ते मान्य करू.

प्रभु येशू यहूदी आईच्या पोटी जन्मला. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली. तो शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे, वल्हांडणाला यरुशलेमेस जात असे. रक्तस्रावाने पीडलेल्या बाईने त्याच्या वस्त्राच्या ज्या गोंड्याला स्पर्श केला तो गोंडा मोशेच्या आज्ञेप्रमाणेच लावलेला होता. गणना 15 काढून पाहा. आपण नियमशास्त्र मोडावयास नव्हे तर पूर्ण करावयास आलो आहो, असे त्याने डोंगरावर सांगितले. शास्त्री व परूशी पुदिना, शेप व जिरे यांचाही दशमांश देतात आणि न्याय, दया व विश्वास मात्र सोडतात म्हणून त्याने त्यांस झोडपले खरे, परंतु त्याच वाक्यात लहान गोष्टीही सोडू नयेत असे तो म्हणाला. तेव्हा नियमशास्त्र हे वाईट ओझे होते आणि प्रभूने येऊन ते फेकून दिले, असे जो शिकवतो तो प्रभूच्या तोंडी नसलेले बोल घालतो. इसवी सन 144 च्या सुमारास रोम शहरात मार्सियन नावाचा एक धनिक मनुष्य असेच शिकवू लागला होता. जुन्या कराराचा देव निराळा व ख्रिस्ताचा पिता निराळा, असे त्याचे म्हणणे. मंडळीने त्याला बाहेर काढले व त्याने दिलेले द्रव्यही परत केले. मोशेला टाकले की ख्रिस्तही हातात राहत नाही, हे त्या काळच्या मंडळीने ओळखले होते.

आता दुसरी गोष्ट. नियमशास्त्र कधी दिले गेले? इस्राएल लोक मिसरात विटा थापीत होते, तेव्हा देवाने त्यांस असे सांगितले नाही की, प्रथम सहाशे तेरा आज्ञा पाळा, मग मी तुम्हांस सोडवीन. (यहूदी शास्त्री आज्ञांची संख्या तेवढी मोजतात.) त्याने प्रथम कोकऱ्याच्या रक्ताने त्यांस वाचवले, समुद्रातून पार नेले, आणि मग सीनाय पर्वतावर दहा आज्ञा दिल्या; त्या आज्ञांच्या आरंभीसुद्धा आपण त्यांस दास्यगृहातून आणले ह्याचे स्मरण देव करून देतो. निर्गमाचा बारावा अध्याय आधी आहे, विसावा मागून. तारण आधी, आज्ञा मागून. हा क्रम मोशेचाच आहे. पौलाने तो नव्याने काढलेला नाही.

शेतकऱ्याच्या घरी सालदार असतो आणि मुलगाही असतो. दोघे एकाच औताला जुंपलेल्या बैलांमागे चालतात. दोघांच्या हातांस सारखेच घट्टे पडतात. सालदाराचा डोळा वर्षाच्या बोलीवर असतो. पाडव्यास हिशेब चुकता झाला नाही तर तो दुसऱ्याच्या घरी राहतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. मुलगा काम करतो ते घर मिळावे म्हणून नव्हे. घर त्याचेच आहे. ज्या यहूद्याने मशीहा ओळखला आणि बापदादांची रीत प्रेमाने चालू ठेवली, तो मुलाच्या नात्याने नांगर धरतो. परंतु ‘मी एवढे पाळले, आता देवाने मला नीतिमान म्हणावे’ असे जो म्हणतो, तो यहूदी असो की मराठी ख्रिस्ती असो, त्याने घरच्या मुलाची जागा सोडून सालदाराची पत्करली. गलतीकरांस पौल एवढ्या कळवळ्याने लिहितो तो ह्यासाठी.

आता आपण अंत्युखियास जाऊ, कारण पंगतीचा प्रश्न प्रथम तेथेच उठला. अंत्युखिया हे त्या काळच्या सिरियातील ओरोंतेस नदीकाठचे मोठे शहर. येथील शिष्यांस प्रथम ‘ख्रिस्ती’ हे नाव पडले. त्या मंडळीच्या शिक्षकांची नावे प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात आहेत: कुप्र बेटाचा लेवी बर्णबा, ज्यास काळा म्हणत तो शिमोन, आफ्रिकेतील कुरेने येथला लूक्य, हेरोद राजाबरोबर वाढलेला मनाएन, आणि तार्सचा शौल. अशी माणसे एका जागी बसून भाकर मोडीत, हाच तेथला चमत्कार होता. पेत्रही तेथे आला व सर्वांबरोबर जेवू लागला. त्याला ह्यात संकोच वाटण्याचे कारण उरले नव्हते. यापो येथे त्याने आकाशातून उतरलेल्या चादरीचा दृष्टांत पाहिला होता आणि कर्नेल्याच्या घरी तो जेवला होता. परंतु यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसे आली, आणि त्यांस भिऊन पेत्र मागे सरला. हळूहळू इतर यहूदीही सरले. बर्णबासुद्धा.

पेत्राने मुखाने कोणताही नवा सिद्धांत सांगितला नाही, हे ध्यानात घ्या. त्याने विश्वास नाकारला नाही, प्रार्थना बदलली नाही. तो केवळ उठला व दुसऱ्या पंगतीस जाऊन बसला. आणि तेवढ्याने सुवार्तेच्या सत्याला बाध आला असे पौलाने ओळखले, व ज्येष्ठ प्रेषिताला सर्वांदेखत तसे सांगितले. प्रसंग केवढा कठीण असेल! ज्याने प्रभूबरोबर तीन वर्षे काढली त्याला, एके काळी मंडळीचा छळ करणारा मनुष्य, भरल्या पंगतीत बोलतो. आम्ही पाळक लोक अशा वेळी ‘नंतर एकांतात पाहू’ असे म्हणून वेळ मारून नेतो. त्या कापणीच्या दिवशी आम्हीही तेच केले, आणि भोजन संपेपर्यंत काही बोललो नाही.

अंत्युखियास यहूदीयातून आणखीही काही लोक आले होते. सुंता झाल्यावाचून तुमचे तारण होणार नाही, असे ते उघड शिकवू लागले. तेव्हा मंडळीने पौल व बर्णबा यांस यरुशलेमेस पाठवले. इसवी सन 49 च्या सुमारास तेथे प्रेषित व वडील ह्या गोष्टीचा विचार करावयास जमले. वादविवाद पुष्कळ झाला असे लूक लिहितो. तेव्हा मंडळीत वाद झाला म्हणजे पवित्र आत्मा निघून गेला असे उपदेशकांनी समजू नये. पेत्र बोलला, पौल व बर्णबा बोलले, आणि शेवटी प्रभूचा भाऊ याकोब बोलला. निर्णय असा झाला की, परराष्ट्रीयांवर सुंतेचे व सर्व नियमशास्त्राचे ओझे घालू नये. फक्त चार गोष्टी त्यांनी टाळाव्या: मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरून मारलेले जनावर आणि जारकर्म.

ह्याच चार का? चोरी नको, खून नको असे का नाही लिहिले? लेवीय 17 व 18 हे अध्याय काढून वाचा. तेथे इस्राएल लोकांमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाने काय काय टाळावे ते सांगितले आहे: अन्य दैवतांस यज्ञ, रक्त खाणे, आणि निषिद्ध शरीरसंबंध. याकोबाच्या चार गोष्टी तेथूनच घेतल्या आहेत असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे व आम्हांस ते पटते. म्हणजे यरुशलेमेच्या सभेने नियमशास्त्र गुंडाळून ठेवले नाही. तिने ते उघडले, आणि त्यातच परक्यासाठी ठेवलेली जागा शोधून काढली. परराष्ट्रीयाने यहूदी होऊ नये. यहूद्याने परराष्ट्रीय होऊ नये. परंतु दोघांस एका पंगतीस बसता यावे, म्हणून परराष्ट्रीयाने आपल्या ताटातून एवढे चार जिन्नस काढावे आणि यहूद्याने आपल्या मनातून ‘हा अशुद्ध’ हा शब्द काढावा. पत्र अंत्युखियास वाचले गेले तेव्हा लोकांस आनंद झाला असे लिहिले आहे. ओझे उतरले म्हणून तर झालाच असेल, पण पुन्हा एकत्र जेवता येईल म्हणूनही झाला असेल.

पुढे पौल कसा वागला तेही पाहा. लुस्त्र येथे तीमथ्य भेटला. त्याची आई यहूदी, बाप हेल्लेणी. पौलाने त्याची सुंता केली. तीत हेल्लेणी होता. त्याची सुंता व्हावी असा आग्रह काहींनी धरला तेव्हा पौल क्षणभरही वाकला नाही. ही दुटप्पी वागणूक आहे असे टीकाकार म्हणतात. आम्हांस तीत एकच सूत्र दिसते, आणि ते पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात सातव्या अध्यायात मांडले आहे: ज्याला सुंता झालेला असता पाचारण झाले त्याने ती पुसू नये, ज्याला बेसुंती असता झाले त्याने ती करून घेऊ नये; सर्व मंडळ्यांस आपण असाच नियम लावतो असे तो म्हणतो. तो स्वतः यहूदी म्हणूनच जगला. किंख्रिया येथे नवसामुळे त्याने क्षौर केले. शेवटच्या वेळी तो यरुशलेमेस गेला तेव्हा याकोबाने त्याला सांगितले की, येथे विश्वास ठेवणारे यहूदी हजारोंनी आहेत आणि ते सर्व नियमशास्त्राचे अभिमानी आहेत. ह्यावर पौलाने ‘हे अद्याप कच्चे आहेत’ असे म्हटले नाही. नवस केलेल्या चार माणसांबरोबर तो शुद्ध झाला, त्यांचा खर्च सोसला, व मंदिरात गेला.

तेव्हा मशीहावरील विश्वास आणि मोशेचे नियमशास्त्र ह्यांचा संयोग होऊ शकतो काय, असे कोणी विचारल्यास उत्तर हे की, तो होऊन गेलेला आहे. पहिली मंडळी त्या संयोगातच जन्मली. यरुशलेमेच्या मंडळीचे पहिले पंधरा अध्यक्ष सर्व सुंता झालेले होते असे युसेबियस हा इतिहासकार सांगतो. इसवी सन 135 मध्ये रोमी सम्राट हाद्रियान याने यहूद्यांस त्या शहरातून घालवून दिले तेव्हा ती परंपरा तुटली. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने सिरियातील नासोरी नावाच्या लोकांविषयी लिहिले आहे. ते येशूला देवाचा पुत्र मानीत आणि नियमशास्त्रही पाळीत.

मग हा संयोग तुटला कसा? येथे आपल्या बाजूचे पाप कबूल केले पाहिजे. जस्टिन हुतात्मा ह्याने इसवी सन 160 च्या सुमारास त्रुफो नावाच्या यहूद्याशी झालेला संवाद लिहिला. त्यात त्रुफो विचारतो की, जो येशूला मशीहा मानतो व नियमशास्त्रही पाळतो त्याचे तारण होईल काय? जस्टिन म्हणतो, होईल, इतरांवर त्याने ती सक्ती करू नये म्हणजे झाले. परंतु काही ख्रिस्ती लोक अशांशी बोलतही नाहीत, त्यांस घरी घेत नाहीत, आणि ते आपल्याला मान्य नाही. पाहा, तारणारा वर जाऊन सव्वाशे-दीडशे वर्षे झाली नाहीत तोच पंगत पुन्हा दुसरी झाली होती, आणि या खेपेस ती मांडणारे परराष्ट्रीय होते! आधी यहूदी परराष्ट्रीयाला ‘माझ्यासारखा हो’ असे सांगत होता. आता परराष्ट्रीय यहूद्याला तेच सांगू लागला. चौथ्या शतकात लावदिकीया येथील धर्मसभेने ख्रिस्ती माणसाने शब्बाथ दिवशी विसावा घेऊ नये असा नियम केला. इसवी सन 787 मध्ये नायसिया येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मसभेने ठरवले की, जे यहूदी बाप्तिस्मा घेऊन गुप्तपणे शब्बाथ पाळतात त्यांस मंडळीच्या सहभागितेत घेऊ नये.

ह्या वाटेचा शेवट आपल्याच शेजारी, गोव्यात, दिसला. पोर्तुगाल देशात 1497 मध्ये यहूद्यांचा जुलमाने बाप्तिस्मा करण्यात आला. त्यांच्यातील एका घराण्याचा मुलगा गार्सिया द ओर्ता हा वैद्य होऊन गोव्यास आला, आणि हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला थोर ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. तेथे 1560 मध्ये धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली होती. अशा ठिकाणी शनिवारी धुतलेले वस्त्र घालणे व डुकराचे मांस न खाणे ह्या गोष्टी गुन्ह्याच्या खुणा समजल्या जात. ओर्ता 1568 मध्ये वारला. त्याची बहीण कातारीना हिला 1569 मध्ये जिवंत जाळले. आणि 1580 मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. हे रोमन लोकांनी केले असे म्हणून आपण हात धुऊ नयेत. मार्टिन ल्यूथरने 1543 मध्ये यहूद्यांविरुद्ध जे पुस्तक लिहिले ते आज वाचताना आम्हांस लाज वाटते. तेथे डुकराचे मांस न खाणाऱ्यास अग्नी मिळाला. आमच्या गावी ते खाणारीस ओट्याखालची जागा मिळाली. दोन्ही ठिकाणी शुद्धतेच्याच नावाने.

आता आपल्या कोकणाकडे पाहू. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, बेने इस्राएल लोक कित्येक शतके राहत होते. पेण, रोहे, दिवे अशा गावांवरून त्यांची पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे पडली. ते तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांची पोथी हरवली होती, इब्री भाषा ते विसरले होते. परंतु मुलाची सुंता आठव्या दिवशी होई, खवले व पर नसलेला मासा घरात येत नसे, आणि देव एकच आहे ही इस्राएलाची प्रार्थना तोंडी राहिली होती. मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी 1832 मध्ये इब्री भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले. मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली, त्यांच्यातील कित्येक शिक्षक झाले. बाप्तिस्मा घेणारे मात्र फार थोडे निघाले. 1948 नंतर त्यांच्यातील बहुतेक लोक इस्राएल देशास गेले.

आम्ही पुष्कळदा मनात म्हणतो, एखाद्या शनिवार तेल्याने आमच्या जुन्या मिशनऱ्यांस विचारले असते की, ‘येशूच मशीहा आहे असे मला पटले, तर मी शनिवारी घाणा सुरू केला पाहिजे काय?’ तर त्याला काय उत्तर मिळाले असते? पौलाचे उत्तर असते: बंद ठेव, तुझ्या बापदादांनी शेकडो वर्षे तो देवासाठी बंद ठेवला आहे. आणि त्याच्या शेजारच्या मराठी शेतकऱ्याने ‘मग मीही माझे औत शनिवारी सोडू काय?’ असे विचारले असते तर पौल म्हणाला असता: तुझ्या मनाची खात्री असेल तर सोड, नसेल तर नको, पण ह्याने तू देवाच्या घरचा होशील असे समजून सोडू नको, कारण तू आधीच झाला आहेस. रविवारी आपण जमतो ते प्रभू त्या दिवशी उठला म्हणून. तो शब्बाथ नव्हे, आणि शब्बाथाला शिव्या देऊन तो मोठा होत नाही.

कोणी म्हणतील, सर्व सोवळे सारखेच. पाटलाच्या वाड्याचे असो की मोशेचे. तसे नाही. मोशेने शुद्ध-अशुद्ध अन्न सांगितले, परंतु परदेशी माणसावर स्वतःसारखी प्रीती करा हेही त्याच लेवीय पुस्तकात सांगितले. जन्मानेच एखादा मनुष्य अस्पृश्य आहे असे नियमशास्त्रात कोठेही नाही. मोशे अन्नाविषयी बोलला. त्यावरून माणसाला घागरीपासून दूर ठेवण्याची रीत आमच्या तरुणांनी पाटलाच्या वाड्यातून आणली, मोशेकडून नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ ह्या पुस्तकात आपला सोवळ्याचा आग्रह कसा गळून पडला हे मोकळ्या मनाने लिहिले आहे. ते पुस्तक उपदेशकांनी अशा घरांत अवश्य वाचून दाखवावे.

आता कडुलिंबाखालच्या पंगतीसही दोन शब्द. ‘आपण कृपेखाली आहो, नियमशास्त्राखाली नाही,’ असे म्हणत तुमच्यातील काही जण ओट्याकडे पाहून हसत होते, ते आम्ही ऐकले. रोजंदाराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नये, शेताच्या कडा गरिबासाठी सोडाव्या, पडलेला सरवा वेचू नये, दोन प्रकारची वजने बाळगू नयेत, बैलाला व मोलकऱ्याला विसावा द्यावा, हे सर्व त्याच नियमशास्त्रात आहे. आमच्या माहितीचे असे ख्रिस्ती शेतकरी आहेत की, ज्यांच्या मजुरांस दोन-दोन आठवडे हेलपाटे घालावे लागतात. कृपा मिळाली ती काय एवढ्यासाठी? नवा करार म्हणजे नियमशास्त्र दगडावरून काढून हृदयावर लिहिणे, असे यिर्मयाने सांगितले आहे. दगडावरचे पुसले आणि हृदय कोरे ठेवले, तर तो करार कोणताच नव्हे. आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा चौदावा अध्याय ‘सर्व अन्न शुद्ध आहे’ येथे थांबत नाही. भाऊ अडखळत असेल तर मांसच खाऊ नये, येथपर्यंत तो जातो.

उपदेशकांनी काय करावे? जो तरुण शनिवारी विसावा घेतो व डुकराचे मांस खात नाही, त्याला दटावू नये. त्याने दारूचा गुत्ता सोडून लेवीयाचे पुस्तक धरले आहे. सुंतेचा विषय निघाला तर गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय त्याच्यापुढे ठेवावा व स्पष्ट नाही म्हणावे. त्याच्यापुढे तीत आहे, तीमथ्य नाही. त्याची आई यहूदी नव्हती. पंगतीचा विषय निघाला तर मात्र प्रभुभोजनाचे ताट हातात असले तरी थांबावे. जो भाकर एका ओळीत बसून घेतो त्याने जेवण दुसऱ्या ओळीत घेऊ नये. हे सांगताना माणसे दुरावतील ही भीती आहे. पौलालाही पेत्र दुरावण्याची भीती असेलच.

त्या गावी आम्ही ह्या वर्षी पुन्हा गेलो. सणाच्या आधी चार दिवस वडिलांची बैठक झाली. प्रेषितांची कृत्ये 15 वाचले. बराच वेळ कोणी बोलेना. मग ती विधवा बाई, जी बैठकीस बोलावलेली नव्हती व दाराशी बसून ऐकत होती, म्हणाली, “मग यंदा मटण नको न काही नको. डाळभात करा, वांग्याची भाजी करा. त्या पोरांना चालंल न आमालाबी चालंल.” एक वडील म्हणाले, सणाला मटण नाही तर लोक काय म्हणतील? बाईने उत्तर दिले नाही.

डाळभातच झाला. ओट्यावर कोणी बसले नाही. ज्या तरुणाशी आम्ही पूर्वी रात्री बोललो होतो तो पाण्याची घागर घेऊन वाढावयास उभा राहिला, आणि त्या बाईपाशी आला तेव्हा तिने स्वतःच घागरीला हात लावून आपला पेला भरून घेतला. दोन घरे अद्याप आली नाहीत. त्यांच्याकडे उपदेशक दर शनिवारी संध्याकाळी जातो, आणि ते त्याला बसावयास घोंगडी टाकतात.